अक्षय्य तृतीयेची ओहोटी

आपण तीस वर्षं बोटींच्या कामात होतो, असं काशीनाथ मयेकर सांगतो तेव्हा नवीन माणसाला वाटतं की गडी निदान खलाशी तरी असणार. प्रत्यक्षात तो फोर्टातल्या एका विमा कंपनीत, सागरी दाव्यांच्या खात्यात, पंख्याखाली बसायचा. बोटीशी त्याचा संबंध ती बुडाल्यावर यायचा. कुठे फुटली, कशी फुटली, माल किती भिजला, हे सगळं त्याला फायलीतून कळायचं, आणि फाईल कोरडी असायची. तीस वर्षांत त्याने इतक्या बोटी बुडालेल्या वाचल्या की या माणसाने पुढे आयुष्यात घोटाभर पाण्यातसुद्धा उतरायला नको होतं. पण वाचून माणूस शहाणा होतो हा आम्हा शिक्षकांनी पसरवलेला गैरसमज आहे.

मी चित्रकलेचा शिक्षक, निवृत्त. काशीनाथ मला मास्तर म्हणतो. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात आमची दारं समोरासमोर आहेत. इमारतीचं नाव ‘सी-ब्रीझ’. बिल्डरने समुद्र कुठे पाहिला होता देव जाणे. गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर चढून मान पुरती वळवली तर आम्हाला मिठागरं दिसतात. नळाला पाणी दिवसाआड येतं, मधल्या दिवशी टँकर येतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला बोट घ्यावीशी वाटणं हे एका दृष्टीने समजण्यासारखं आहे.

२००४ सालच्या सुरुवातीला काशीनाथला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्ती त्याची. चोपन्नाव्या वर्षी धडधाकट माणूस घरी बसला की घरातल्या वस्तूंना त्रास होतो. त्याने पहिल्या आठवड्यात सगळे मसाल्याचे डबे नावं लिहून रांगेत लावले, दुसऱ्या आठवड्यात पंपाच्या वेळेवरून वॉचमनशी भांडण काढलं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची बायको उर्मिला मला विचारायला आली की मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचा क्लास असतो का. मी नाही म्हणालो. हो म्हणालो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे काशीनाथची आई, विमलाबाई. वय सत्त्याहत्तर. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडजवळ त्यांचं सासर. छप्पन साली सहा वर्षांच्या काशीनाथला घेऊन त्या बोटीने मुंबईला आल्या. तेव्हा कोकणात जायची मोठी बोट होती. ती खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं पडावात बसून किनाऱ्यापासून तिच्यापर्यंत जायची. पुढे अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला ती बोट बंद झाली, आणि तेव्हापासून विमलाबाई गावाला गेल्या नाहीत. दरवर्षी गणपतीआधी आणि शिमग्याआधी पुतण्या सदूचा गावाहून फोन यायचा, काकू या. विमलाबाई फोनवर एकच सांगायच्या, “बोट असती तर आले असते रे. एस.टी.त मला घाट सोसत नाही.”

हे वाक्य म्हणताना त्या इतक्या शांतपणे खिडकीबाहेर बघत की ऐकणारा आपणहून विषय बदलायचा. काशीनाथ तर मान खाली घालून बसायचा, जणू बोट त्यानेच बंद केली. मीसुद्धा एकदा वाहवलो. त्यांच्या पंच्याहत्तरीला मी त्यांना त्या जुन्या बोटीचं चित्र काढून दिलं, धुराड्यासकट. त्यांनी ते कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने चिकटवलं. बाहेर लावलं तर सारखी आठवण येऊन त्रास होत असेल, असा मी अर्थ काढला आणि स्वतःवरच खूश झालो.

एप्रिलच्या सुरुवातीला केबलवाल्याच्या चॅनेलवर सिनेमाखाली जाहिरातींची पट्टी फिरत होती. ब्यूटी पार्लर, सिंगल रूम भाड्याने, मूळव्याध, आणि मग: मोटर क्रूझर विकणे आहे, केबिनसह, एकच मालक. काशीनाथने नंबर पेन्सिलीने वर्तमानपत्रावर उतरवला आणि थेट माझ्याकडे आला. चेहरा लाल झालेला. आईला बोटीने गावाला न्यायचं, पावसाळ्याच्या आत, तिचे हातपाय चालतात तोवर. तीस वर्षं रजा शिल्लक टाकली, आईसाठी एक दिवस काढला नाही, आता तरी हे करतो, असं तो म्हणाला. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी मूर्खपणाला हो म्हणतो, हा माझा जुना आजार आहे.

मालक जितेशभाई. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. मित्रमंडळींना पार्टी द्यायला म्हणून त्यांनी ही बोट घेतली होती आणि बायकोचं नाव तिला दिलं होतं, ‘हंसा’. हंसाबेन तिच्यात एकदाच बसल्या, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. एकदाच का, ते आम्ही विचारलं नाही. बोट उत्तनच्या पुढे तारोडीला उभी असायची आणि बस्त्याव नावाचा तिथला एक कोळी तिची देखभाल करायचा. बघायला कधी येऊ विचारलं की जितेशभाई दर वेळी नेमकी वेळ द्यायचे. एकदा दुपारी पाऊणला बोलावलं, एकदा सकाळी साडेदहाला, एकदा संध्याकाळी पाचला. बिझनेसमधला माणूस, मिनिटामिनिटाचा हिशेब असतो, असं काशीनाथ कौतुकाने म्हणाला.

बोट दिसायला छान होती, हे मी चित्रकलेचा माणूस म्हणून कबूल करतो. सव्वीस फुटी, पांढरीशुभ्र, काळ्या काचा. आत लाल रेक्झिनचे दोन बाक, सिंक, आरसा, आणि ज्यात शिरल्यावर दार लावायचं की वळायचं हे आधी ठरवावं लागेल असा संडास. काशीनाथने तिची तपासणी केली ती मीरा रोडचा माणूस जशी करेल तशीच. भिंतीवर टकटक केलं. नळ सोडून पाहिला. फ्लश दोनदा ओढला. कार्पेट एरिया विचारला. मग खिशातून होकायंत्र काढून म्हणाला, तोंड पूर्वेला आहे, वास्तू चांगली आहे. बस्त्याव दोरी गुंडाळत होता, तो वर न बघता म्हणाला, “भरतीला हिकडं, ओटीला तिकडं.” दिवसातून चारदा दिशा बदलणारी वास्तू काशीनाथच्या पुस्तकात नव्हती, म्हणून त्याने ते ऐकलंच नाही.

कागद मात्र त्याने मन लावून पाहिले. कागद हा त्याचा प्रांत. नोंदणी, कर, आणि कोणा तपासनिसाने दिलेला दाखला, की बोटीचं बूड सुस्थितीत आहे. दाखल्यावर सही होती, शिक्का होता. सागरी दाव्यांच्या खात्यात शिक्का असला की वस्तू पाहिली असं धरतात. मी विचारलं, बूड तू पाहिलंस का. तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की मी चित्रकलेचाच माणूस आहे हे मला पटलं.

आता ही बोट बांधली कोणी, हा प्रश्न. वसईच्या पुढे ‘जयमाला फायबर’ म्हणून एक कारखाना. नाव आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी ते पाण्याच्या टाकीवर वाचलं होतं. हे लोक टाक्या करत, वॉटर पार्कच्या घसरगुंड्या करत, बागेत ठेवायचे फायबरचे हत्ती करत. मध्येच मालक चंदनशेठना हुक्की आली आणि त्यांनी तीन क्रूझर काढल्या. पहिली जळाली. दुसरी महामार्गावरच्या एका रिसॉर्टने विकत घेऊन लॉनवर ठेवली, तिच्यात लोक पनीर टिक्का खातात. तिसरी ही. त्यानंतर चंदनशेठ परत टाक्यांकडे वळले. काशीनाथने त्यांना फोन लावला. हंसा घेतोय म्हटल्यावर चंदनशेठनी नाव दोनदा सांगायला लावलं, आणि मग म्हणाले, “वो बोट अभी है?” काशीनाथला यात बापाची माया ऐकू आली.

त्याने वही केली. डाव्या पानावर बोटीच्या बाजूचे मुद्दे, उजव्या पानावर विरुद्ध. रोज संध्याकाळी ती वही घेऊन तो माझ्याकडे यायचा आणि माझा चहा प्यायचा. नामांकित कंपनीची जुनी बोट आपल्या आवाक्यात नाही, हे डाव्या पानावर होतं; म्हणजे दुसरी परवडत नाही हा आपल्या खिशाचा दोष नसून या बोटीचा गुण होता. तीनपैकी एकही अजून बुडालेली नाही, हेही डाव्या पानावर. मी म्हटलं, एक जळाली आणि एक लॉनवर आहे. तो म्हणाला, पण बुडाली नाही ना. इंजिन टेम्पोचं बसवलेलं होतं. तेही डावीकडे, कारण त्याला आमच्या शेजारच्या काशीमिऱ्याचा कुठलाही मेकॅनिक चालतो. भर समुद्रात काशीमिऱ्याचा मेकॅनिक कुठून येणार, हे मी त्याला उजवीकडे लिहायला लावलं; त्याने पेन्सिलीने लिहिलं.

सुकाणू कोण धरणार? बस्त्याव. त्याला विचारायला गेलो तेव्हा तो जाळं विणत होता. जयगडपर्यंत येशील का, असं काशीनाथने विचारलं. बस्त्यावने हंसाकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, “जयगड? हिच्यात?” एवढं बोलून तो पुन्हा जाळ्याकडे वळला. याला कामाचा कंटाळा दिसतो, असा काशीनाथने निष्कर्ष काढला.

घरात उर्मिलाने एकच प्रश्न विचारला होता, की आईंना विचारलंत का. काशीनाथ म्हणाला, सोळा वर्षं ती दुसरं काय सांगतेय? उर्मिला ओटा पुसायला लागली. तिला स्वयंपाकघराचं काम काढायचं होतं, ओट्याखाली ओल येत होती, पण सासूच्या आड यायचं नाही म्हणून तिने तो विषयच सोडून दिला. हे मला फार नंतर कळलं. त्या घरात सगळेच दुसऱ्याच्या मनातलं ओळखून वागत होते, त्यामुळे कोणालाच काही विचारायची गरज पडत नव्हती.

शेवटी ठरलं. अक्षय्य तृतीयेला बयाणा द्यायचा, पूजा करायची आणि बोटीतून पहिली फेरी मारायची. त्या वर्षी ती गुरुवारी होती. जितेशभाईंनी फोनवर दुपारी दोनची वेळ दिली. काशीनाथने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि दचकला. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ. साडेतीन मुहूर्तांतला एक अख्खा मुहूर्त हाताशी असताना नेमका राहुकाळात बयाणा कोण देईल? सकाळी साडेआठ ही वेळ त्याने नक्की केली. जितेशभाई जरा अडखळले, दोन वाजता मोसम चांगला असतो वगैरे म्हणाले, पण राहुकाळ हा शब्द ऐकल्यावर तेही तयार झाले. तो धंद्याचा माणूस होता, राहूशी वाकडं घेणारा नव्हे.

त्याच कॅलेंडरच्या मागच्या पानावर, फणसाच्या भाजीच्या कृतीखाली, भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या होत्या. मी ते पान नंतर पाहिलं. काशीनाथने वहीत सगळं लिहिलं, हे एवढंच त्याच्या नजरेतून सुटलं. खाडी, मिठागरं आणि समुद्र यांच्या मध्ये घर घेऊन आम्ही सगळे पंधरा वर्षं राहतोय, आणि पाणी केव्हा येतं असं आम्हाला विचारलं तर आम्ही टँकरची वेळ सांगतो.

हे ठरत होतं तेव्हा विमलाबाई तिथेच बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “तृतीयाच ना?” काशीनाथ हो म्हणाला. “सकाळी साडेआठ?” पुन्हा हो. त्यांनी एक जुडी संपवून दुसरी घेतली.

अक्षय्य तृतीयेला आम्ही भाड्याची सुमो करून निघालो. काशीनाथ नव्या झब्ब्यात, उर्मिला नारळ-हार घेऊन, विमलाबाई ठेवणीतल्या निळ्या नऊवारीत, मागच्या सीटवर मी आणि आंब्याच्या डहाळ्या. तारोडीला पोचलो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगा ओलांडून किनाऱ्यावर आलो आणि थांबलो.

समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण लांब, क्षितिजाच्या अलीकडे एक चकाकती रेघ म्हणून. मध्ये नुसता काळा चिखल, त्यात खेकडे पळत होते आणि गावातल्या होड्या कुशीवर आडव्या पडल्या होत्या. त्या सगळ्यांत आमची हंसा, आजवर पाण्यात ताठ मानेने उभी दिसलेली, अंग टाकून पडली होती.

“पानी न्हाय,” बस्त्याव म्हणाला. एवढं आम्हालाही दिसत होतं. कधी येईल विचारलं तर म्हणाला, दोन वाजल्यानंतर.

जितेशभाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते आणि कोणाच्याच डोळ्यांत बघत नव्हते. पण मुहूर्त टळत होता, आणि मुहूर्त टळू देईल तो मयेकर कसला. काशीनाथने लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, हार गळ्यात अडकवला आणि नारळ घेऊन चिखलात उतरला. दर पावलाला एक चप्पल मागे राहत होती. मी त्याच्यामागे निघालो, कारण डहाळ्या माझ्याकडे होत्या.

बोटीजवळ पोचल्यावर काशीनाथने नारळ फोडायला हात वर नेला आणि तो हात तसाच राहिला. बोट कललेली असल्यामुळे तिचं बूड प्रथमच उघडं पडलं होतं. निळा रंग पोपडे धरून निघाला होता. त्याखालून पिवळाधमक फायबर दिसत होता, घसरगुंडीचा असतो तो. मधोमध, खोलीच्या दाराएवढं एक ठिगळ होतं. ठिगळाची एक कड सुटली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. काशीनाथने बोट लावून ते चाखलं. खारट होतं.

तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला प्रत्यक्ष दावा त्याच्यासमोर आडवा पडला होता. “मास्तर,” तो हळू आवाजात म्हणाला, “बाहेर येतंय म्हणजे आत जातंय.” मी म्हटलं, तर्क बरोबर आहे.

बस्त्यावने काही लपवलं नाही. रोज सकाळी तो बोटीतलं पाणी पंपाने काढायचा. कधी बोलला नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, “तुमी इचारला न्हाय.” खरंच होतं. आम्ही फ्लश ओढून पाहिला होता. जितेशभाई तोवर काठापर्यंत आले होते. तिथून त्यांनी हात हलवत समजावलं, “काशीभाई, थोडा लीकेज तो हर बिल्डिंग में होता है.”

आणि खरं सांगतो, हे वाक्य काशीनाथला पटायला लागलं. ज्या माणसाच्या बेडरूमच्या छताला चार पावसाळे ओल आहे आणि जो दर वर्षी तिच्यावर नवा रंग देतो, त्याला यात गैर काय वाटणार? तो चिखलातून परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर निराशा नव्हती, हट्ट होता. ठिगळ पक्कं करून घेऊ, रंग देऊ, पंधरा दिवसांत होईल, मे अजून अख्खा पडलाय. मी रागावलो. मी त्याला म्हणालो की तू आईला गावाला नेतोयस की तिचा दावा दाखल करतोयस? पण तो माझं ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. तो सरळ आईकडे गेला.

विमलाबाई एका उलट्या टाकलेल्या होडक्यावर बसल्या होत्या. पाय सोडून, पदर खोचून, ऐसपैस. मीरा रोडच्या सोफ्यावर त्या कधी अशा बसत नाहीत.

“आई, थोडं काम निघालंय,” काशीनाथ म्हणाला. “करून घेतो. पावसाच्या आत तुला नेतोच.”

“बूड पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मग झालं तर.” त्या समाधानाने म्हणाल्या. त्यांचे वडील पडावावर तांडेल होते, म्हणजे पडावाचे प्रमुख. कोणाची होडी विकत घ्यायची तर ते ओहोटीलाच बघायला जायचे, आणि भरतीला बोलावणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचे नाहीत. हे सगळं त्यांनी आम्हाला तेव्हा, होडक्यावर बसून, ऐकवलं.

मला राहवलं नाही. मी विचारलं, साडेआठला पाणी नसणार हे तुम्हाला ठाऊक होतं?

“तिथीची पाऊणपट करायची, मास्तर. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती, मग साडेआठला काय असणार? आमच्याकडे शेंबड्या पोराला येतं हे.”

“मग बोलली का नाहीस?” काशीनाथ म्हणाला.

“तुझ्याकडे शिक्का मारलेला कागद होता. माझं ऐकलं असतंस?”

काशीनाथ तिच्या पायाशी वाळूत बसला. नवा झब्बा, गळ्यात बोटीचा हार. तो म्हणाला की या बोटीचं जाऊ दे, दुसरी बघतो, पण तुला एकदा बोटीने गावाला नेणारच. मी तुझ्यासाठी काहीच केलं नाही गं. हे तो मान खाली घालून म्हणाला आणि रडला. त्याने न फोडता परत आणलेला नारळ हातात घेऊन उर्मिला बाजूला उभी होती.

विमलाबाईंनी त्याच्या गळ्यातला हार काढला. “काशी, मला तिथे जायचंच नाही,” त्या म्हणाल्या.

त्याने नव्या झब्ब्याच्या बाहीला डोळे पुसले आणि वर पाहिलं.

“चौदा वर्षं त्या घरात पाणी भरलं. विहीर खाली, घर वर, साठ पायऱ्या. घरात माणसं वीस. तू पोटात होतास तेव्हाही भरलं. मुंबईला निघाले तेव्हा पडावातून मागे वळून बघितलं नाही मी. नंतर तुझे बाबा होते तोवर दर मे महिन्यात जावं लागायचं, आणि गेलं की कळशी हातात. बोट बंद झाली असं ऐकलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती.”

“मग सोळा वर्षं बोट बोट का म्हणत होतीस?”

“बंद झाली होती म्हणून,” विमलाबाई म्हणाल्या. “चालू असती तर दुसरं काहीतरी शोधायला लागलं असतं.”

मला कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेलं माझं चित्र आठवलं, आणि धुराड्यातून मी किती मन लावून धूर काढला होता तेही आठवलं. दोन दिवस लागले होते त्या धुराला.

त्या पुढे म्हणाल्या की इथे लिफ्ट आहे. दिवसाआड का होईना, पाणी नळाला येतं. टँकर आला तर उर्मिला मला हंडा उचलू देत नाही. हे सांगताना त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, पण उर्मिलाने नारळ खाली ठेवून डोळे पुसले. एवढ्या वर्षांत सासूने केलेली ही पहिली तारीफ होती, आणि तीही तिऱ्हाइतासारखी.

जितेशभाईंना काशीनाथने नाही म्हणून सांगितलं. त्यांनी फार वाईट वाटून घेतलं नाही. पेढे वाटले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला फोनवर दुपारच्या वेळा देत गाडीकडे गेले.

आम्हीही निघणार, तर विमलाबाई उठायला तयार नाहीत. आता आलोच आहोत तर पाणी येऊ दे, म्हणाल्या. बस्त्यावच्या बायकोने आम्हाला भात आणि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं. मग पाणी आलं. आधी चिखलात वेड्यावाकड्या रेघा, मग घोट्याएवढं, मग एकेक होडी अंग झाडून उठून बसली. घड्याळात सव्वादोन झाले होते. राहुकाळाच्या ऐन मध्यावर विमलाबाई बस्त्यावच्या लाकडी होडीत चढल्या, कोणाचा हात न धरता. आम्ही मागोमाग चढलो. बंदराबाहेर एक फेरी मारून आणायची एवढंच ठरलं होतं.

पहिल्या लाटेला काशीनाथचा चेहरा पिवळा पडला, दुसऱ्या लाटेला तो काठावर वाकला. सागरी खात्याची तीस वर्षं आणि बस्त्यावच्या घरचा जवळा असं सगळं एकदमच बाहेर आलं. विमलाबाई एका हाताने त्याची पाठ चोळत होत्या आणि तोंड वाऱ्याकडे करून बसल्या होत्या. “छप्पन साली पण असाच,” त्यांनी मला सांगितलं. “जयगडपासून भाऊच्या धक्क्यापर्यंत ओकत आला.” त्या हसत होत्या. त्यांना असं हसताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटतं काशीनाथनेही नाही.

मे महिन्यात उर्मिलाच्या ओट्याचं काम निघालं. घरात फरशा फोडायचा आवाज, तेव्हा काशीनाथ एकटाच एस.टी.ने गावाला जाऊन आला. आठवड्याने परतला तो दारातूनच म्हणाला, “आई, विहिरीच्या पायऱ्या मोजल्या मी. साठ नाहीत. त्र्याऐंशी आहेत.”

विमलाबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “असतील. साठानंतर मी मोजत नव्हते.”

काशीनाथने बॅग उंबऱ्यातच ठेवली आणि जाऊन तिचा पाण्याचा तांब्या भरून आणला. मी माझ्या दारात होतो, तो आत गेलो आणि दार लावून घेतलं.

त्या वर्षी गणपतीआधी सदूचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडे चहाला होतो. विमलाबाई उठायच्या आत काशीनाथने फोन उचलला. पलीकडून नेहमीचं बोलणं झालं असावं, काकूंना घेऊन या वगैरे. काशीनाथने खिडकीबाहेर पाहिलं, जिथून समुद्र दिसत नाही.

“आली असती रे,” तो म्हणाला, “पण एस.टी.त तिला घाट सोसत नाही. बोट असती तर गोष्ट वेगळी.”